मावशींचा तास

ताई,
सप्रेम नमस्कार. खानापूर तालुक्यात दिव्यांग मुलांची आमची छोटी शाळा आहे. मुलं सतरा, शिक्षिका मी धरून दोघी आणि मावशी तीन. मुलांना गाडीतून उतरवणं, भरवणं, शी-शू, कपडे, सगळं त्याच बघतात. दर गुरुवारी बेळगावहून फिजिओथेरपिस्ट मॅडम येतात. त्या कन्नड बोलतात, व्यायाम मला सांगून जातात. गेल्या महिन्यात तिघी मावशींना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. सगळं कन्नडमध्ये आणि पडद्यावर. काय शिकलात विचारलं तर म्हणाल्या, "जेवण बरं होतं."
थोरल्या मावशींची माया फार, मुलाला स्वतःचा हात म्हणून हलवू देत नाहीत. दुसऱ्या मावशींनी मागच्या आठवड्यात नऊ वर्षांच्या एका स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या पाठीत धपाटा घातला. तो त्यांच्या हाताला चावला होता. धो धो पाऊस होता, मुलं सकाळपासून आतच होती. तिसऱ्या नवीन आहेत. एका मुलीला फीट आली तेव्हा त्यांनी तिच्या नाकाला कांदा लावला आणि दातांत चमचा घालायला निघाल्या. हाताशी पैसा नाही. यांना शिकवू कसं? की यांना काढून शिकलेल्या मुली ठेवू?
— एक शिक्षिका

प्रिय बाई,

फीटचं आधी सांगते, कारण ते पुढच्या आठवड्यावर टाकण्यासारखं नाही. उद्या सकाळी गाडी निघायच्या आधी तिघी मावशी, गाडीचे ड्रायव्हर आणि स्वयंपाकाच्या बाई यांना एकत्र बोलवा. एकीला सतरंजीवर झोपवा आणि प्रत्येकाकडून करूनच घ्या. मुलीला कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ, ओकारी बाहेर येते, घशात उतरत नाही. डोक्याखाली टॉवेलची घडी. गळ्याशी घट्ट असेल ते सैल. खुर्ची, भांडी लांब सरकवायची. हातपाय दाबून धरायचे नाहीत. तोंडात काही म्हणजे काहीही घालायचं नाही. चमच्यानं दात तुटतो, आपलं बोट घातलं तर बोटाला चावा बसतो, आणि जीभ गिळली जाते ही नुसती समजूत आहे. एकीनं घड्याळ बघायचं. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर यायच्या आधी दुसरी फीट आली, किंवा मुलाला पहिल्यांदाच आली असेल, तर १०८ ला फोन. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. आणि फीट किती वेळ होती ते लिहून आईकडे द्यायचं, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

कांद्याबद्दल मात्र त्या मावशींना रागवू नका. त्यांच्या घरात कुणाला तरी फीट आली असेल, आजीनं कांदा लावला असेल आणि माणूस उठून बसला असेल. हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. फीट बहुतेक वेळा मिनिटा-दोन मिनिटांत आपणहून थांबते, म्हणून कांद्याला, चपलेला, मुठीतल्या किल्लीला यश येतं. हे असं उलगडून सांगितलंत तर पटेल. नुसतं "अडाणीपणा करू नका" म्हणालात तर तुमच्यासमोर लावणार नाहीत, तुमच्या पाठीमागे लावतील.

आता शेवटचा प्रश्न. काढू नका. शिकलेली मुलगी मिळेल, नाही असं नाही. पण माझ्या पाहण्यात अशा मुली वर्षभरात बेळगावला नाहीतर गोव्याला बरी नोकरी बघून गेल्या, आणि मुलांच्या अंगाला पुन्हा नवे हात लागले. ज्या मुलाला कुणी स्पर्श केलेलाच सहन व्हायला चार महिने लागतात, त्याचे ते चार महिने पुन्हा पहिल्यापासून. तुमच्या तिघी गावातल्या आहेत, मुलांच्या घरी येऊन-जाऊन आहेत. ते तुमचं भांडवल आहे.

तुमच्या पत्रात एक वाक्य मला टोचलं. "शिक्षिका मी धरून दोघी आणि मावशी तीन." हिशेब करून बघा. मूल दहाला येतं, चारला जातं. त्यात तुमच्यासमोर एकट्यानं बसायला त्याला किती मिळतं? सतरा मुलांत अर्धा तास मिळाला तरी फार. उरलेला बराचसा दिवस ते मावशींच्या हाती. आणि आपल्या मुलांचा अभ्यास कुठला? घास उचलणं, बटण लावणं, शू लागल्याचं सांगणं, 'नको' म्हणता येणं. हा अभ्यास तुमच्या टेबलावर होत नाही, तो न्हाणीत, पंगतीत आणि गाडीच्या पायरीवर होतो. तिथं बाई कोण असतं? म्हणून मी म्हणते, तुमच्या शाळेत शिकवणाऱ्या पाच जणी आहेत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातही, कलम १७ मध्ये, शिक्षक तयार करण्याच्या जोडीनं समावेशक शिक्षणाला आधार देणारे कर्मचारी तयार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. कायदा आहे म्हणून उद्या कुणी दारात येणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण संस्थेच्या बैठकीत "मावशींना कसलं ट्रेनिंग?" असं कुणी म्हणालं तर हे कलम पुढे ठेवा.

थोरल्या मावशींकडे येते. तुम्ही लिहिता, माया फार. मला शंका वेगळीच आहे. जेवणाची सुट्टी किती वेळाची? चाळीस मिनिटांत सतरा ताटं, त्यातली पाच-सहा मुलं भरवायची, मग हात-तोंड, मग बाथरूम. अशा वेळी मूल स्वतः घास उचलेल म्हणून थांबणारी बाई मला दाखवा. त्या भरवतात कारण भरवल्याशिवाय काम उरकत नाही. त्यांना "मुलाला स्वतः करू दे" असं शिकवून पाठवायचं आणि घंटा मात्र जुनीच ठेवायची, हा त्यांच्यावर अन्याय आहे. आधी पंगत दोन करा. भरवावं लागणारी मुलं साडेबाराला, बाकीची एकला. आणि पंधरा दिवसांसाठी एका मावशीला एकच मूल आणि एकच गोष्ट नेमून द्या. बाकी सगळं आत्ता चालतं तसंच चालू दे. एका मुलाची चड्डी, एवढंच.

ती चड्डी शिकवायची रीत मावशींना करून दाखवा. आपण मुलाला पहिल्यापासून शिकवायला जातो, आणि पाय घालता घालताच ते कंटाळतं. उलटं करा. पाय तुम्ही घाला, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत तुम्ही आणा, आणि कमरेवर ओढायचा शेवटचा झटका त्याला द्या. काम पुरं करण्याचा आनंद त्याचा. ते जमलं की मांडीपासून त्यानं ओढायचं, मग गुडघ्यापासून. शेवटाकडून आरंभाकडे. बटणाचंही तसंच, ताटाचंही तसंच. आणि सांगितल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं. या मुलांपर्यंत शब्द पोचून हात हलायला वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या आकड्यालाच हात घालतो. थोरल्या मावशींना भाकरीचं सांगा. तव्यावर फुगू लागलेली भाकरी मध्येच दाबली तर फुटते. त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

भरवण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथं चूक झाली तर छातीत कफ होऊन मूल दवाखान्यात जातं. ही चूक मीच केलेली आहे. मी नवीन होते, हातात पदविका होती. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या एका मुलीला मी उभी राहून भरवायची. ती माझ्याकडे बघायला मान वर करायची आणि दर दोन घासांना ठसकायची. तिथल्या एका वयस्क मावशींनी काही न बोलता माझ्याखाली पाट सरकवला. मी बसले, मुलीची मान खाली आली, ठसका कमी झाला. पुस्तकात तेच लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं. तेव्हा तुमच्या मावशींना भाषण देऊ नका. त्यांना खुर्चीत बसवून मान मागे टाकून नुसता आवंढा गिळायला सांगा, मग हनुवटी जराशी खाली घेऊन गिळायला सांगा. कळतं. मुलाचं ढुंगण खुर्चीत पार मागे टेकलेलं, पाय लोंबकळत न ठेवता पाटावर, भरवणारी समोर आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. चमचा लहान. घास गिळल्याचं दिसल्याशिवाय दुसरा नाही. पाण्यासारखी आमटी आणि मोकळा भात एकत्र दिला की अशा मुलांना सांभाळता येत नाही, पातळ आधी घशात पळतं. मऊ भात घट्ट वरणात कालवून एकजीव करून द्यावा. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवताना आवाज ओला, घरघरीत येऊ लागला तर थांबायचं. रोजच ठसकत असेल तर डॉक्टरांना आणि वाचातज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग एक दिवस मावशींनीच एकमेकींना भरवावं. एकीचे डोळे बांधलेले, दुसरी काही न बोलता घास तोंडाशी नेणारी. दोन मिनिटं पुरतात. त्यानंतर "आता भात देते हं" हे वाक्य कुणाला शिकवावं लागत नाही.

भाषेचा प्रश्न तुम्ही एका ओळीत उरकलात, मला तो मोठा वाटतो. आपल्या भागात एका वर्गात तीन-चार घरच्या भाषा असतात. कणकुंबी-जांबोटीकडच्या एखाद्या घरात पाण्याला उदक म्हणतील, कुणाच्या घरी नीरु, कुणाकडे पाणी. जे मूल स्पष्ट बोलतं त्याचं निभावतं. जे अर्धाच शब्द बोलतं त्याचं काय? माझ्याकडे एक मुलगा होता, घर कन्नड. जेवताना तो "आकू, आकू" म्हणायचा. भरवणाऱ्या बाईंना वाटायचं आपल्याला काकू म्हणतोय. त्या हरखून आणखी एक घास द्यायच्या. तो ओकेपर्यंत हे चालायचं, आणि आम्ही त्याच्या वहीत "जेवताना त्रास देतो" असं लिहायचो. एक दिवस त्याची आई जेवणाच्या वेळी आली आणि म्हणाली, अहो, तो 'साकु' म्हणतोय. पुरे. कितीतरी दिवस तो पुरे म्हणत होता. हे आठवलं की आजही माझा घास अडतो.

म्हणून एक वही करा, मुलागणिक एक पान. मुलाचा फोटो, आणि पाणी, शू, दुखतंय, पुरे, नको यांना त्याच्या घरात काय म्हणतात आणि तो स्वतः काय आवाज किंवा खूण करतो, एवढंच. ही माहिती तुम्ही भरू नका, मावशींनी मुलांच्या आयांकडून आणावी. गाडीच्या थांब्यावर त्यांची रोज गाठ पडते. लिहिता येत नसेल तर त्यांनी सांगावं, तुम्ही लिहावं. आणि कुणी आईला सांगत असेल की मुलाला दोन भाषांनी गोंधळायला होतं, घरी मराठी बंद करा किंवा कन्नड बंद करा, तर तसं करायला लावू नका. दोन भाषांमुळे स्वमग्न किंवा मतिमंद मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. आईचं बोलणं तोडलं तर मात्र मूल एकटं पडतं.

गुरुवारच्या मॅडमचंही इथंच सांगते. त्यांना म्हणा, मला सांगू नका, मावशींच्या हातावर हात ठेवून करून घ्या. गुडघा किती वाकवायचा, कुठं थांबायचं, याला मराठी लागत नाही आणि कन्नडही लागत नाही. मग मावशींनी मॅडमसमोर एकटीनं करून दाखवायचं. तुम्ही मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवा (आईवडिलांची परवानगी घेऊन, आणि ते शाळेबाहेर जाऊ देऊ नका). दोन दिवसांच्या त्या पडद्यापेक्षा हे दहा गुरुवार तुम्हाला जास्त देतील.

आता धपाटा. इथं मी सैल बोलणार नाही. मुलावर हात उगारायचा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी जे मूल घरी जाऊन सांगू शकत नाही त्याला मारणं याला माझ्याकडे माफी नाही. मावशींना बाजूला घेऊन, इतरांसमोर नको, स्पष्ट सांगा: पुन्हा झालं तर मुलांचं काम तुमच्याकडे राहणार नाही. आणि मुलाच्या आईवडिलांना तुम्ही स्वतः सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर शाळेवरचा भरवसा गेला.

पण एवढ्यावर सोडलंत तर तो मुलगा पुन्हा चावेल, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाच्या तरी हाताला. तुम्हीच लिहिलंय, धो धो पाऊस होता. शाळेवर पत्रे आहेत का? खानापूरचा जुलैचा पाऊस पत्र्यावर पडतो तेव्हा आपल्यालाही शेजारच्याचं ऐकू येत नाही. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना आवाज अक्षरशः दुखतो. सकाळपासून तो आवाज, बाहेर जायचं बंद, रोजची फेरी चुकलेली, त्यात कुणीतरी हात धरून ओढलं. मी तिथं नव्हते, हा माझा अंदाज आहे. पण तो तपासायची रीत सोपी आहे. प्रत्येक वेळी तीन गोष्टी टिपायच्या: चावायच्या आधी काय चाललं होतं, त्यानं नेमकं काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं किंवा त्याचं काय टळलं. हे मावशींनीच सांगायचं, कारण त्याच तिथं होत्या. आठ-दहा नोंदी झाल्या की पुन्हा पुन्हा येणारं कारण दिसू लागतं. आवाजच निघाला तर पाऊस वाढला की त्याला कोपऱ्यातल्या पक्क्या छताच्या खोलीत न्या, कानाला जाड कापडाची टोपी द्या, आणि 'बाहेर' असं सांगायला एक चित्र हातात द्या. चावण्यानं तो जे सांगत होता ते सांगायला दुसरी वाट मिळाली की चावण्याची गरज कमी होते. त्या मावशींनाही विचारा, हाताला लागलं का, औषध लावलं का, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का. तुमच्या पत्रात चावल्याचा उल्लेख आहे, त्यांच्या जखमेचा नाही.

अंगाचं राहिलं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला उचलताना एकटीनं उचलायचं नाही. दोघींनी, गुडघे वाकवून, मुलाला अंगाशी घेऊन, आणि "उचलते हं" सांगून, तो तयार झाल्यावर. मावशींची कंबर गेली की त्यांची रोजी गेली. न्हाणीला पडदा लावा, दार उघडं टाकून कुणाचे कपडे बदलायचे नाहीत. मोठ्या मुलग्यांसाठी पुरुष मदतनीस बघा, ड्रायव्हर चांगले असतील तर त्यांना शिकवा. अंगावर कुठं खूण दिसली, मूल कुणाला बघून आकसलं, तर त्याच दिवशी तुम्हाला सांगायचं हे मावशींना पक्कं माहीत हवं. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थेचं नाव खराब होईल म्हणून थांबता येत नाही.

पैसा नाही म्हणता, तर जे फुकट आहे ते आधी घ्या. कर्नाटकात ग्रामपंचायतीत ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते असतात, लोक त्यांना व्ही.आर.डब्ल्यू. म्हणतात. त्यांतले बरेचसे स्वतः दिव्यांग असतात. तुमच्या पंचायतीतल्या कार्यकर्त्यांना चहाला बोलवा आणि मावशींसमोर त्यांना एवढंच विचारा: लहानपणी तुम्हाला कोण उचलायचं, आणि न विचारता उचललं की कसं वाटायचं? गटशिक्षणाधिकारी कार्यालयात समावेशक शिक्षणाच्या साधन शिक्षिका असतात, महिन्यातून अर्धा दिवस त्यांना मागा. पुढे कधी प्रमाणपत्राची वाट काढायची असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची (नॅशनल ट्रस्ट) 'सहयोगी' ही देखभाल करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची योजना चौकशी करण्यासारखी आहे. घाई नाही.

शुक्रवारी मुलं गेल्यावर अर्धा तास पाच जणी बसा. सगळ्या खुर्चीवर, मावशी दारात उभ्या नकोत. चहा त्यांनी करायचा नाही. पहिल्या शुक्रवारी थोरल्या मावशींना बोलू द्या, आणि त्या जे सांगतील ते तुम्ही वहीत उतरवून घ्या. त्या वहीतली दोन पानं मला पाठवलीत तर पुढचं पत्र त्यावरूनच लिहीन.

तुमची,
ताई